रजा न लागणारा मामा

“शिष्टर, स्वैपाक येतो का नुसती इंजेक्शनंच येतात?” रंगूमामांनी मला पहिल्या भेटीत विचारलेला हा प्रश्न. मी वाईची. घाटाजवळच्या गल्लीत वाढलेली आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री असलेली बावीस वर्षांची मुलगी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्सिंगचा कोर्स संपवून उपकेंद्रावर पहिली नेमणूक मिळाली ती सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावात. त्याला आपण शिवरवाडी म्हणू, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यातली बरीच माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यांना माझा पत्ता ठाऊक आहे. एसटीतून पत्र्याची ट्रंक घेऊन उतरले, भाड्याची खोली शोधत एका दारात गेले आणि हा प्रश्न आला. येतो की, असं मी फुगून सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी माझी आमटी चाखली आणि पुढं साडेतीन वर्षं मला त्या घरात चूल म्हणून पेटवू दिली नाही.

माणूस साठीला टेकलेला. उंच, पोट जरा पुढं, मिशा कानापर्यंत पोचायची मनापासून इच्छा असलेल्या पण अर्ध्या वाटेत थकलेल्या. डाव्या खांद्यावर चार घड्यांचा पांढरा टॉवेल, तो झोपेतसुद्धा उतरत नसावा. गाव त्यांना हवालदार म्हणायचं. फौजेत ते लांगरी होते, म्हणजे जवानांच्या लंगरात स्वयंपाक करणारे. कधी हवालदार झाले होते की नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शिवरवाडीत दर तिसऱ्या घरातला एक तरी माणूस फौजेत, उरलेले उसात. सुभेदार होते, बंदुकीच्या गोष्टी सांगणारे होते, छातीवर पदकं लावून झेंडावंदनाला उभे राहणारे होते. त्यांच्यात लांगऱ्याला काय मान असणार? पण याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही. उपाशी माणसाच्या हातून बंदूक उडत नाही, ही त्यांची ठाम समजूत होती आणि त्या हिशेबानं सगळ्या लढाया त्यांनीच जिंकल्या होत्या.

घरात त्यांचंच लंगर चाले. त्यांच्या बायकोला, शेवंताकाकूंना, चुलीजवळ मज्जाव होता. काकू सोप्यात बसून वाती वळत आणि येईल त्याला सांगत, की लग्न झाल्यापास्नं माझ्या हातचं ह्यांनी दोनदाच खाल्लं, दोन्ही वेळा आजारी हुते. मुलगा कुपवाडला एका वर्कशॉपात होता. तो आईवडिलांना तिकडं बोलवायचा. मामा म्हणायचे, मेस बंद करून कसं चालंल? मेसमध्ये जेवणारी माणसं आम्ही तीन. तरी दाराशी एक दगडी पाटी टांगलेली असे आणि तिच्यावर खडूनं रोजचा बेत लिहिलेला असे. वरणात मीठ कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ‘काल चूक झाली’ असंही लिहिलेलं असे. मी आजवर इतक्या सरकारी कचेऱ्या पाहिल्या, पण अशी पाटी दुसरीकडं पाहिली नाही.

आमची पहिली खडाजंगी झाली ती डाळीच्या पाण्यावरून. दर मंगळवारी मामांच्याच सोप्यात मी बाळांची वजनं घ्यायची. आढ्याला झोळीचा काटा अडकवायचा आणि एकेक बाळ त्यात टाकायचं. सहा महिन्यांचा मुलगा घेऊन आलेल्या एका आईला मी सांगत होते, की आता अंगावरच्या दुधाच्या जोडीला वरचं सुरू करा, डाळीचं पाणी द्या, भाताची पेज द्या. हे मी वाईत आजीकडून ऐकलेलं, कोर्समध्येही कुणी खोडून काढलेलं नव्हतं. आतून मामा आले. हातात पळीभर आमटी, तीही वरवरची काढलेली. माझ्यासमोरच्या रिकाम्या ताटलीत त्यांनी ती ओतली आणि ताटली तिरकी धरली. सगळं पाणी माझ्या वहीवर. मग खाली बसलेल्या डाळीची एक पळी आणली, ती ओतली, ताटली तिरकी केली. ती जागची हलली नाही.

“आमटीवरचं पानी जवानाला वाढलं तर तो ताट भिरकावतो,” ते म्हणाले. “लेकराला बोलता येत न्हाई म्हणून त्याला वाढायचं व्हय?”

सात-आठ बायकांसमोर माझी अशी शोभा झाली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, जेवायला मात्र जात होते कारण दुसरी सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रावर महिन्याची बैठक होती. तिथं डॉक्टरसाहेबांना हळूच विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुमच्या त्या माणसाचं. पाण्यानं एवढंसं पोट भरून जातं आणि अंगाला काही लागत नाही, घट्ट घोटलेलंच द्यायला सांगा. परत आले तर पाटीवर बेताच्या खाली लिहिलेलं होतं, ‘शिष्टर यांच्यासाठी आज पुरणपोळी’. माझा राग तिथं संपला. त्या दिवसापासून मी आयांना चमच्याची परीक्षा शिकवू लागले. चमचा वाकडा करा, घास सांडला तर पातळ आहे. ही माझी युक्ती आहे असं तालुक्यात बरीच वर्षं समजलं जात होतं. आज खरं काय ते लिहून टाकते.

पण वरचं कधी सुरू करायचं, यावर त्यांचं मत माझ्यापेक्षा पक्कं होतं. आम्हाला त्या काळी चार ते सहा महिने असं शिकवलेलं. पुढं ते सहा महिने पूर्ण असं ठरलं. मामा पहिल्यापासून सहाच्या बाजूचे. पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं, बाळ मात्र नीट वाचायचे. गल्लीतले एक निवृत्त सुभेदार आपल्या तीन महिन्यांच्या नातवाला चहात भिजवलेलं बिस्कीट चाटवत बसायचे. मुलगा हुशार आहे, मागून खातो, असं त्यांचं म्हणणं. मी सांगून थकले. मग एकदा मामा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी नातवाला मांडीवर उभा धरला. मान लटपटली. बसवायला गेले तर कमरेत दुमडला. स्वच्छ धुतलेल्या चमच्याचं टोक ओठाला लावलं, जिभेनं बाहेर ढकललं. मग मामांनी त्याच्यासमोर भाकरीचा तुकडा खाऊन दाखवला, तर ते बाळ आढ्याकडं बघत होतं.

“सुभेदार, तुमच्या भरतीला वय बघितलं हुतं का न्हाई?” त्यांनी विचारलं. “उंची, छाती, समदं मोजलं हुतं. हे अजून भरतीच्या वयाचं न्हाई. मान धरू दे, आधारानं बसू दे, माझ्या हातातल्या भाकरीवर डोळं लावू दे. तवर ह्याचं रेशन आईकडं.”

सुभेदारांना नियमाच्या भाषेत सांगितलेलं लगेच कळलं. बिस्किटाचा पुडा त्यांनी स्वतःच संपवला. पुढं गावात बायका सरळ ‘भरती’ हाच शब्द वापरू लागल्या. आमच्या बाळ्याची भरती पुढच्या महिन्यात, असं सासवा एकमेकींना सांगत. आणि भरती झाल्यावरही मामांचा एक हुकूम कायम असे: आधी आईचं, मग माझं. रेशन वाढलं म्हणून कुणी विहीर बुजवत नाही, दूध चालूच राहायला पाहिजे, हे ते प्रत्येक आईला दोनदा सांगायचे. नवा पदार्थ एका वेळी एकच. तो तीन-चार दिवस पचवून दाखवला की दुसरा.

आता सुमनच्या मुलीचं सांगते. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आपल्याकडं उष्टावण असतं. बाळाच्या तोंडात पहिला घास घालायचा मान मामाचा. मामानं चांदीची वाटी आणायची, बाळाला मांडीवर घ्यायचं, खिरीचं बोट लावायचं. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात. वाईत मामा दोन गल्ल्या पलीकडं राहतो, हाक मारली की येतो. शिवरवाडीत मामा बर्फात उभा असतो आणि त्याला रजा मिळाल्याशिवाय भाचीच्या तोंडात घास पडत नाही. हे मला आधी माहीतच नव्हतं. काही बाळं आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत नुसत्या अंगावरच्या दुधावर का असतात, याचा मला उलगडा होत नव्हता. विचारलं की बायका पदर तोंडाला लावून हसत आणि म्हणत, रजा पडली न्हाई अजून.

सुमनचा भाऊ संपत हा असाच लांबच्या चौकीवर. तो पाचव्या महिन्यात येणार होता, रजा पुढं गेली. सातव्यात येणार होता, रजा रद्द झाली. आठवा मुलीला चालत नाही, म्हणून आता नववा. मी मंगळवारी तिचं वजन घेतलं तर काट्याची सुई दोन महिन्यांपूर्वी होती तिथंच. तक्त्यावर मी ठिपके जोडले, तर रेघ आडवी. मुलगी शांत होती, आणि तेच मला आवडलं नाही. त्या वयाची मुलं हातातला पेन ओढतात, केस ओढतात. ही नुसती बघत होती.

मी तिच्या घरी गेले. सुमनचा नवरा सांगलीला कामाला होता, घरात ती आणि सासू हौसाबाई. तक्ता उलगडला, रेघ दाखवली, आवाज चढवला. सुमन खाली मान घालून ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, असंच चाललं तर पोर हातची जाईल, मग आणा भावाला वाटी घेऊन. हौसाबाईंनी मला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं आणि दार लावलं. पुढच्या मंगळवारी सुमन आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मामांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते माझी बाजू घेतील. ते मेथी निवडत होते. निवडता निवडता म्हणाले, “घाबरल्याला आनखी भ्या घातलंसा. ती काय म्हणाली ते इचारलं का?” मी नव्हतं विचारलं. इतके दिवस मी धरून चालले होते की सासू अडवते आहे. सासू अडवते, सून रडते, नर्स समजावते, हे मला कोर्समधल्या चित्रांच्या पुस्तकातून पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच सुमनकडं गेले. हौसाबाईंच्या बरोबर बसून त्यांनी म्हणे शेरभर लसूण सोलला. रात्रीच्या जेवणाला पहिल्यांदाच भात करपला. मग त्यांनी सांगितलं. हौसाबाई पंधरा दिवसांपूर्वीच तयार झाल्या होत्या, सुमनच्या चुलतभावाला मामा म्हणून बसवून उरकून टाकू म्हणत होत्या. अडून बसली होती सुमन. तिला मुलीची रेघ दिसत नव्हती असं नाही. पण तिचं म्हणणं होतं, “मी दुसरा मामा पाटावर बसवला, तर माझा भाऊ माघारी येत न्हाई असं मीच म्हटल्यागत झालं.” तिकडून दीड महिना पत्र नव्हतं. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि ती मध्ये. दोघांपैकी कुणाचंही वाईट तिच्या हातून व्हायला नको होतं. मी तिला तक्ता दाखवत होते.

पहाटे ट्रंक उघडल्याचा आवाज आला. सकाळी पाहते तर मामा फौजेच्या हिरव्या पोशाखात उभे. पँट काकूंनी कुठूनशी उसवून वाढवली होती. शर्टाचं पोटावरचं बटण मात्र काही केल्या लागत नव्हतं, तिथं त्यांनी टॉवेल आडवा घेतला. बूट चकचकीत. एका हातात झाकलेलं पातेलं. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं, हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी मागून चालले. वाटेत माणसं ओट्यावरून उठून बघत होती. मामांनी कुणाकडं पाहिलं नाही.

हौसाबाईंनी दार उघडलं. मामा आत जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. पाटावर बसले नाहीत. सुमन मुलीला घेऊन कोपऱ्यात उभी होती.

“सुमे, संपत कुठं हाय?”

“बर्फात,” ती म्हणाली.

“त्या बर्फात कवातरी मी हुतो. मी उतरलो तवा दुसरा चढला, तो उतरला तवा आनखी कोण. आता संपत हाय. फौजेत जागा रिकामी ऱ्हात न्हाई पोरी. तो तिकडं माझ्या जागेवर उभा हाय. मग त्याची हितली जागा मी धरली तर बिघडलं काय? कायमची न्हाई धरत. तो आला की मी उठतो.”

‘तो आला की’ हे सुमननं ऐकलं होतं. दीड महिन्यात तिच्याजवळ हे एवढ्या खात्रीनं कुणी म्हणालं नव्हतं. बाकीचे सगळे ‘येईल गं’ म्हणत होते. मामांनी रजेच्या यादीवर त्याचं नाव वाचून आल्यासारखं सांगितलं. थोड्या वेळानं हौसाबाईंनीच पाट मांडला. सुमननं आधी मुलीला पाजलं, तेही मामांच्या हुकुमावरून, ते तेवढा वेळ दाराबाहेर तोंड करून उभे. मग तिनं मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं.

पातेल्यात मऊ भात आणि मुगाची डाळ एकत्र घोटलेली, वर साजूक तुपाचा थेंब. मामांनी चमच्याच्या टोकावर वाटाण्याएवढा घास घेतला, चमचा वाकडा करून मला दाखवला आणि मुलीच्या ओठांशी धरला. तोंडात घातला नाही, नुसता धरून बसले. मुलगी चमच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी चमचा पकडला आणि तोंडात ओढला. तोंड वेडंवाकडं केलं. गिळलं. पुन्हा चमच्याकडं हात केला. सुमन भिंतीकडं तोंड करून रडायला लागली आणि मीही रडले, नर्सनं रडू नये असं शिकवलेलं असताना. मामांनी दुसरा घास दिला, तिसरा दिला आणि पातेलं झाकलं. आज एवढंच, ते म्हणाले, पहिल्या दिवशी परेड थोडी. हौसाबाई गोडाचं बोट लावायला पुढं आल्या, तर त्यांनी अदबीनं सांगितलं, “आवं वैनी, सण तुमचा तुमी संपत आल्यावर करा. मी नुसतं जेवायला घातलंय.”

परतताना ते उसाच्या बांधावरून चालले, रस्त्यानं नाही. पोशाखात होते तोवर ताठ होते. विहिरीपाशी बसले आणि टॉवेलनं तोंड पुसत बराच वेळ पुसतच राहिले. मग न विचारता बोलायला लागले. त्यांची पाठची बहीण तानू. तिचा पहिला मुलगा. तेव्हा ते सरहद्दीवर होते आणि रजा मिळत नव्हती. रजा मिळाली तेव्हा येताना सांगलीच्या पेठेतून चांदीची वाटी घेतली. एसटीतून उतरले तर वडील स्टँडवर बसलेले. दहा महिन्यांचं पोर नुसत्या दुधावर, वाळलेलं. त्याला जुलाब लागले आणि मामा पोचायच्या आधीच चार दिवसांत गेलं होतं.

“माझ्यासाठी थांबली हुती,” मामा म्हणाले. “तिनं कवा बोलून दाखवलं न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. वाटी खिशातच ऱ्हायली.”

मला तोवर वाटत होतं की त्यांना स्वयंपाकाचं वेड आहे. घरी येऊन त्यांनी पोशाख उतरवला, घडी घातली आणि संध्याकाळच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

सुमनच्या मुलीनं अंग धरलं. दोन आठवड्यांत सुई हलली, महिन्यात रेघ वर चढली, आणि एका मंगळवारी तिनं माझा पेन ओढून तोंडात घातला तेव्हा मी तो काढून घेतला नाही. संपत अकराव्या महिन्यात आला, धडधाकट. उष्टावण थाटात झालं. मामा सगळ्यांच्या आधी जाऊन पाटावर बसले होते. संपत हातपाय धुऊन आत आला तसे ते उठले, त्याच्या हातात चमचा दिला आणि बाजूला उभे राहिले. एवढंच. भाची मात्र मामाच्या चमच्याची वाट बघायला तयार नव्हती. तिनं चांदीच्या वाटीत हात घालून खीर स्वतःच तोंडाला फासली. संपत हसत सुटला. मग तो खाली वाकला आणि लांगऱ्याच्या पायाला हात लावला. त्या दिवसापासून गावात त्यांना कुणी हवालदार म्हटलं नाही. ज्यांचा मामा ड्युटीवर, त्यांचा मामा रंगूमामा. माझ्या उपकेंद्राखालच्या चार-पाच गावांत हा मामा असा एकटाच होता ज्याला रजा लागत नव्हती.

दाराच्या पाटीवर बेताच्या खाली आता नावं आली. शेलारांचा बाबू, मेमध्ये. पोस्टमनची नात, जूनमध्ये. सहा महिने पूर्ण होत त्या दिवशी मामा हिरवा शर्ट घालून, पोटावर टॉवेल आडवा धरून, पातेलं घेऊन निघत. तक्ता माझ्या पिशवीत असे, पण कुणाची तारीख कधी हे मीही पाटीवर बघायची.

साडेतीन वर्षांनी माझी बदली झाली, मग लग्न झालं आणि मी पुन्हा वाईला आले. मुलगा झाला तेव्हा शिवरवाडीला एक पोस्टकार्ड टाकलं होतं, तारखेसह. उत्तर आलं नाही. मामांना पत्र लिहायचा कंटाळा.

बघता बघता मुलगा सहा महिन्यांचा झाला. जेवायला बसलं की माझ्या ताटातल्या घासाबरोबर त्याची मान फिरायची. आणि मी, चार-पाच गावांच्या सासवांना सुनावणारी शिष्टर, गप्प बसले होते. सासूबाईंनी गुरुजींकडून मुहूर्त काढला होता, तो सव्वा महिन्यानं. मला भाऊ नाही. पुण्याचा मावसभाऊ मामा म्हणून बसणार होता, त्याला त्याच दिवशी सवड होती. सासूबाई चांगल्या होत्या, घर नवीन होतं, शब्दानं शब्द वाढवायला नको असं मी स्वतःला सांगत होते. दुसऱ्याच्या अंगणात किती सोपं असतं ते मला कळत होतं.

ज्या दिवशी सहा महिने पूर्ण झाले, त्या सकाळी दहाच्या सुमाराला दारात बूट वाजले. मामा. हिरवा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात डबा. दोन एसट्या बदलून आले होते. पहिल्यांदा मला काय दिसलं असेल तर पोटावरचं ते बटण. ते लागलं होतं, आणि वर दोन बोटं जागा उरली होती. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? ते म्हणाले, पाटीवर नाव हुतं. 

सासूबाईंशी ते काय बोलले ते मी आतून ऐकत होते. मुहूर्त तुमचाच, सण तुमचाच, त्या दिवशी तुमचा पाहुणाच पाटावर बसंल, मी फक्त जेवायला घालून दुपारच्या गाडीनं जातो, असं काहीतरी. सासूबाईंनी त्यांच्या बुटांकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि मला हाक मारून म्हणाल्या, “अगं, बाळाला पाजून घे आधी. हे इतक्या लांबून आलेत.”

मग मामांनी खिशातून वाटी काढली. लहानशी, काळवंडलेली, तळाला हरभऱ्याएवढा पोचा पडलेली. सासूबाई म्हणाल्या, अहो, घरात नवी आणून ठेवली आहे की, तीच घेऊ. मी म्हणाले, नको, हीच. एवढं मी त्या घरात पहिल्यांदाच ठाम बोलले असेन. मी ती चिंच लावून घासली, गरम पाण्यानं धुतली. ती उजळत गेली तसा मामांनी चेहरा खिडकीकडं वळवला. मग माझ्या मुलाला मांडीवर घेतलं. मऊ भात, घोटलेली डाळ, तुपाचा थेंब. त्यांचा हात आता जरा थरथरत होता, म्हणून चमचा वाकडा करून दाखवायची गरज पडली नाही, आणि तरी घास सांडला नाही. मुलानं गिळलं, नाक मुरडलं आणि पुन्हा तोंड उघडलं. मामा त्याला काहीतरी म्हणाले. मला एवढंच ऐकू आलं, उशीर झाला रं गड्या. माझा मुलगा तर दिवसावर हजर होता. हे त्याला नव्हतं.

तीन घास झाले. वाटी त्यांनी स्वतः धुतली, टॉवेलनं पुसली, आणि डबा पिशवीत भरला. वाटी भरली नाही. ती आमच्या मांडणीवर, आमच्या भांड्यांत, पालथी घातली. 

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. साताऱ्याची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा मामा खिडकीशी बसले होते, आणि गाडीच्या आवाजात त्यांना काहीतरी आठवलं. ते ओरडून सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी खिडकीबाहेर हात काढून दोन बोटं वर केली आणि गाडी वळेपर्यंत तशीच धरली. उद्यापासून दोन चमचे, घट्ट.